खोटं उत्तर आठवेना

लहानपणी तुम्हाला कोण व्हायचं होतं? दुपारचा डबा संपवून मी खुर्चीत बसलो, पासवर्ड बरोबर टाकला आणि स्क्रीनवर हा प्रश्न आला. खाली एक रिकामी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी उभी रेघ. आजवर हा प्रश्न मला पाहुण्यांनी विचारला, मास्तरांनी विचारला, एकदा केस कापणाऱ्याने हनुवटी धरून विचारला. सरकार पहिल्यांदाच विचारतंय, असं वाटून मला हसू आलं, आणि ते हसू अर्धवट असतानाच आठवलं की पहिल्यांदा नाही. बारा वर्षांपूर्वी सरकारने हेच विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. आता तेच उत्तर हवं होतं, जसंच्या तसं. त्या उत्तराबद्दल मला एकच गोष्ट खात्रीने माहीत होती. ते खोटं होतं.

खात्रीने, कारण खोटं उत्तर द्यायला शिकवणं हीच माझी नोकरी आहे. लोकांचा जन्म, लग्न, घर, आजार, पेन्शन हे सगळं सरकार संगणकात साठवतं. त्या माहितीला कुलूप कसं घालायचं आणि किल्ली कशी सांभाळायची, हे मी खात्यातल्या लोकांना शिकवतो. माझा पहिला धडा असा: प्रश्नाला खरं उत्तर कधी द्यायचं नाही. तुमची शाळा कोणती हे तुमच्या मेव्हण्यालाही ठाऊक असतं आणि माहितीला खरा धोका मेव्हण्यापासून असतो. इथे वर्ग हसतो. मग मी सांगतो, यंत्राला तुमचं खरंखोटं कळत नाही, त्याला फक्त आधीचं आणि आत्ताचं जुळलं की पुरे. कोण व्हायचं होतं विचारलं तर डॉक्टर लिहा, पोपट लिहा, पण खरं लिहू नका. आणि लिहिलेलं कुठे टिपून ठेवू नका, डोक्यात ठेवा. इथे कोणी तरी मागच्या बाकावरून विचारतंच, सर, डोक्यातून गेलं तर? मी म्हणतो, स्वतःचं खोटं जो विसरतो त्याने खोटं बोलूच नये. हे वाक्य मला इतकं आवडतं की ते बोलून झाल्यावर मी थोडा थांबतो. खात्यात मला ‘खोटे सर’ म्हणतात. नव्या लोकांना ते माझं आडनावच वाटतं, आणि मी कधी त्यांची चूक दुरुस्त केलेली नाही.

बरं, हा प्रश्न मध्येच उपटला कुठून, तर तोही माझाच उपद्व्याप. लोकांच्या ज्या ऑनलाइन खात्यांना बरेच दिवस कोणी हात लावलेला नाही त्यांना पासवर्डबरोबर जुना प्रश्नही विचारावा, अशी सूचना मी गेल्या वर्षी मोठ्या झोकात केली होती. साहेबांनी पाठ थोपटली होती. आता ती सूचना माझ्याच समोर हाताची घडी घालून उभी होती. मला माझ्या खात्यातून आईची फाइल उघडायची होती आणि आजच उघडायची होती. आईला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. आधी एक कान हळूहळू गेला, मग दुसराही त्याच्या मागोमाग निघाला. कानाच्या आत यंत्र बसवणारा एक सर्जन वर्षातून एकदा इथल्या सरकारी रुग्णालयात येतो. तो उद्यापासून काम सुरू करणार होता. आईचं नाव यादीत होतं, पण कच्चं. तिचे कान पूर्वी कसे होते, कधी आणि किती गेले, हे पाहिल्याशिवाय तो हात लावणार नव्हता. ते सगळं सरकारी संगणकात होतं, कारण आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि ऑपरेटरांचे कान टेलिफोन खातं दरवर्षी तपासून घ्यायचं. संध्याकाळी रुग्णालयाचं कार्यालय बंद होण्याच्या आत त्या अहवालांना वाट मोकळी करून दिली नाही, तर तिची जागा पुढच्या माणसाला जाणार होती आणि आईला पुढच्या वर्षी या म्हणणार होते. आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे. तिच्याबाबतीत ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द मी तोंडातून काढत नाही.

कागदपत्रांचं आठवड्यापूर्वीच कळलं होतं. पण मला काय, दोन मिनिटांचं काम, म्हणून ठेवलं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याचं उदाहरण वर्गात दिलं असतं.

आईची फाइल आईनेच उघडावी हा सरळ रस्ता होता, पण तो आधीच बंद झाला होता. फाइल उघडायची तर सरकार एक आकडा कळवतं. ज्येष्ठांना मोबाइलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या सोयीसाठी सरकार तो आकडा फोन करून, एका गोड बाईच्या आवाजात सांगतं. दोन्ही कान गेलेल्या माणसाला फोन करून सांगतं. सुरुवातीला आई हट्टाने फोन कानाला लावायची, मान डोलावायची आणि मनाला येईल तो आकडा टाकायची. शेवटी तिने आपल्या जागी मला नेमलं. म्हणजे माझ्या खात्याचं दार उघडलं की आत तिच्या खोलीचं दार. तिने नेमणुकीवर सही केली तेव्हा तिचा चेहरा मला आवडला नव्हता. घराची किल्ली शेजाऱ्याकडे देऊन गावाला जाणाऱ्या माणसासारखा तो होता. आता गंमत अशी की किल्ली माझ्याजवळ आणि मीच दाराबाहेर.

मी ‘डॉक्टर’ लिहिलं. उत्तर जुळत नाही. मी स्वतःशीच हसलो. वर्गात जे उदाहरण रोज देतो ते स्वतः वापरण्याइतका मी बावळट नव्हतो, तर. मग वाटलं, बावळट नव्हतो पण फाजील तर नक्कीच होतो, आणि ‘पोपट’ लिहिलं. उत्तर जुळत नाही; पाच चुकांनंतर खाते बंद होईल व आपणास मुख्य कार्यालयात समक्ष हजर राहावे लागेल. मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात आहे आणि तिथे समक्ष हजर राहिल्यावर काय होतं ते मी जाणतो, कारण तिथली रांग हळू चालावी असे बरेचसे नियम माझ्या डोक्यातून निघालेले आहेत. मी कीबोर्डवरून हात उचलले आणि खिडकीबाहेर पाहत बसलो. बारा वर्षांपूर्वीचा मी. तेव्हा केस काळे होते, पोट आत होतं, हे ऑनलाइन खात्यांचं प्रकरणच नवं होतं. लोकांना पहिल्यांदाच स्वतःची माहिती स्वतः पाहायची सोय झाली होती आणि त्यासाठी एका मोठ्या हॉलमध्ये ओळीने संगणक मांडले होते. त्या दिवसातलं मला काय आठवतं, तर बाबांचा फोटो. त्यांचंही खातं त्याच दिवशी काढलं होतं आणि त्यांचा फोटो नेमका डोळे मिटलेला आला. दुसरा काढा म्हटलं तर फोटो काढणारी पोरगी म्हणाली, यंत्राने घेतला म्हणजे घेतला. पुढे वारेपर्यंत बाबा सरकारदरबारी झोपलेलेच राहिले. त्यावरून आम्ही इतके हसलो होतो की त्या दिवसाच्या आठवणीत दुसऱ्या कशाला जागाच उरलेली नाही. प्रश्न आठवत नाही, उत्तर आठवत नाही. नुसते बाबा, डोळे मिटून, गालात हसणारे.

खाली तळमजल्यावर मदत खिडकी आहे. तिथे बसणारी बाई माझ्याच हाताखाली शिकून गेलेली, वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि मी विनोद केला की हसायच्या ऐवजी टिपून घ्यायची. मी तिला सगळं सांगितलं. आई, कान, सर्जन, संध्याकाळ. तिचे डोळे भरून आले, खरोखर भरून आले, आणि तिने माझं ओळखपत्र माझ्याकडे परत सरकवलं. मी म्हटलं, तू मला ओळखतेस, मी कोण ते तुला माहीत आहे, नुसता तो एक प्रश्न वगळून पुढे जाऊ दे. ती म्हणाली,

“सर, तुम्हीच सांगितलंय, समोरचा माणूस जितका ओळखीचा तितकं जास्त जपायचं. आईचं आजारपण घेऊन येईल, डोळ्यांत पाणी आणेल, तरी वगळायचं नाही.”

“पण माझी आई खरोखरच आजारी आहे.”

“तुम्ही म्हणाला होतात, तो असंही म्हणेल.”

मला तिचा राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण त्याच्याआधी दुसरंच काही आलं. इतकी वर्षं भिंतीशी बोलतोय असं वाटायचं आणि इथे एक भिंत माझं वाक्य न् वाक्य पाठ म्हणून दाखवत होती. मी तिला शाबास म्हटलं. ती म्हणाली, थँक्यू सर, आणि तुमची सूचना फार चांगली आहे हं, ती जुन्या प्रश्नाची. मी जिना चढताना मोठ्याने हसलो. तिथे फरशी पुसणारा माणूस बाजूला होऊन माझ्याकडे पाहत राहिला.

बायकोला फोन केला. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि दुपारी तिच्यापुढे रांग असते, म्हणून मी थोडक्यात विचारलं, मला लहानपणी कोण व्हायचं होतं? ती म्हणाली, जहाजाचा कप्तान. क्षणाचाही विचार न करता म्हणाली. लग्न ठरायच्या आधी आम्ही पाण्याच्या काठाने फिरायला गेलो होतो, तेव्हा मी तिला तसं सांगितलं होतं म्हणे. मला काही आठवेना, पण पटलं. समोर पाणी, शेजारी ती, मी कप्तानच सांगितलं असणार. भाजीच्या मळ्यात फिरायला गेलो असतो तर मला माळी व्हायचं असतं. खोटं होतं का ते, तिने विचारलं. मी म्हटलं, अगं, तेच तर शोधतोय. पलीकडे तिने कोणाला तरी गोळ्या जेवणानंतर घ्यायला सांगितल्या आणि मला म्हणाली, म्हणजे मी कप्तानाच्या भरवशावर लग्न केलं तर. हसत होती. मी ‘कप्तान’ लिहिलं. ‘जहाजाचा’ लिहावं की नुसतं कप्तान यावर बराच विचार करून, मग नुसतंच. उत्तर जुळत नाही. आता दोनच संधी उरल्या होत्या.

साहेबांना सांगून मी निघालो आणि रुग्णालयाकडे जाणारी बस धरली. घरचं कोणीच मोकळं नव्हतं म्हणून आई सकाळपासून तिथे एकटी बसली होती. बसमध्ये उन्हाच्या बाजूची जागा मिळाली. बाहेर दुकानं सरकत होती, आत माझी खोटी उत्तरं. माणूस आयुष्यभर किती ठिकाणी किती काय काय सांगून ठेवतो, आणि ते कुठे कुठे साठून राहतं. बायकोच्या डोक्यात मी कप्तान आहे. साहेबांना मुलाखतीत मी सांगितलं होतं की मला याच क्षेत्रात यायचं होतं. लहानपणी याच क्षेत्रात, जेव्हा हे क्षेत्रच नव्हतं. सरकारच्या संगणकात मी आणखी तिसराच कोणी तरी आहे, आणि त्या तिसऱ्याची ओळख पटवल्याशिवाय सरकार मला आत घेणार नाही. मग वाटलं, आणि खरं उत्तर? बारा वर्षांपूर्वी मी अजून खोटे सर झालो नव्हतो. नुकता लागलो होतो. न जाणो, खरंच लिहिलं असेल.

खरं असं आहे की मला ऑपरेटर व्हायचं होतं. शाळा सुटली की मी एक्स्चेंजमध्ये आईकडे जायचो. तिच्या पायांशी लाकडी खोक्यावर बसायचो. वर भला थोरला बोर्ड, त्यावर भोकंच भोकं, आणि आईचे हात. एक दोरी ओढायची, या भोकात खुपसायची, दुसरी त्या भोकात, मध्येच एखादा दिवा लागायचा, विझायचा. आईचा आवाज तिथे निराळाच असायचा, घरी ज्या आवाजात ती मला दूध संपव म्हणायची तो नव्हे. नंबर सांगा. जोडते. बोला. तीन शब्दांत दोन माणसं जोडली जायची. मला ते दुनियेतलं सगळ्यात मोठं काम वाटायचं आणि अजूनही वाटतं. आणि जोडून झाल्यावर ती जे करायची ते तर मला फारच आवडायचं. ती बोर्डावरची ऐकायची कळ मागे ओढायची आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहायची. एकदा मी विचारलं, आई, ते काय बोलतायत? ती म्हणाली, मला काय माहीत. मी म्हटलं, तुला ऐकू येत असेल ना? ती म्हणाली, येईल, पण ते माझं नाही. आज मी मोठमोठ्या शब्दांत लोकांना जे शिकवतो ते एवढंच आहे. घरी मी खुर्चीच्या वेताच्या भोकांमध्ये बुटाच्या नाड्या खुपसून नंबर सांगा, नंबर सांगा खेळायचो. गल्लीतल्या पोरांनी ते पाहिलं आणि ऑपरेटर बायका असतात, तू बाई होणार का, म्हणून इतकं चिडवलं की खेळ बंद झाला. इच्छा काही बंद झाली नाही, पण ती कोणाला सांगणं मात्र बंद झालं.

मी बसमध्ये मोबाइल उघडला. गर्दीच्या ठिकाणी असली कामं करू नयेत हाही माझाच धडा. शेजारी एक बाई डुलक्या घेत होती तरी मी अंग चोरून, तळहाताच्या आडोशाने ‘ऑपरेटर’ लिहिलं. पन्नाशीच्या माणसाने एका शब्दासाठी इतकं लपावं म्हणजे कमाल आहे. उत्तर जुळत नाही. आता एकच संधी उरली होती. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी थोडं बरंही वाटलं. म्हणजे ती गोष्ट मी सरकारलाही सांगितली नव्हती. बसने वळण घेतलं, ऊन दुसऱ्या बाजूला गेलं, डुलक्या घेणारी बाई जागी झाली आणि माझ्याकडे संशयाने पाहून तिने पर्स मांडीवर ओढून घेतली.

रुग्णालयाच्या लांब ओसरीत आई बाकावर ताठ बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर पाटी. ऐकू येईनासं झाल्यापासून ती शाळकरी पोरांची पाटी बाळगते. बोलायचं असेल त्याने लिहायचं. मोबाइलवर लिहून दाखवलेलं तिला चालत नाही. पाटीवर माणसाचं अक्षर दिसतं, ती म्हणते, अक्षरावरून कळतं कोणत्या मूडमध्ये आहे. ती स्वतः मात्र बोलते, आणि चांगली ऐसपैस बोलते, कारण तिला स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. मला पाहिल्याबरोबर ती अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल अशी म्हणाली, “तोंड का उतरलंय तुझं?” चार बाकांवरच्या माणसांनी माझं तोंड पाहिलं. कार्यालयाच्या खिडकीतला कारकून घड्याळाकडे पाहत सामान आवरत होता. मी पाटी घेतली आणि सगळं लिहिलं, पुसलं, लिहिलं. प्रश्न लिहिला. एकच संधी राहिली आहे ते लिहिलं. तिने वाचलं. मला वाटलं ती घाबरेल, निदान माझ्यावर चिडेल. तिने विचारलं, आतापर्यंत काय काय लिहिलंस? मी डॉक्टर, पोपट, कप्तान असं एकाखाली एक लिहिलं. ऑपरेटर नाही लिहिलं. आई पोपटापाशी आली आणि हसायलाच लागली. हसता हसता पिशवी घसरली, ती मी धरली.

“हे तुझं खोटं नाही,” ती म्हणाली. “तू असं बोलतच नाहीस.”

मी भुवया उंचावल्या. ती नेटाने बसली. इतकी वर्षं लोकांचे आवाज कानांत घेतले, ती म्हणाली, खोटं मला हॅलोवरून कळायचं. कोणी स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, कोणी दुसऱ्याला बुडवायला. तू लहानपणापासून एकाच कारणाने बोलतोस, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. मी केलेलं खारट झालं तरी छान म्हणायचास. तुझ्या बायकोसमोर कप्तान झालास. पण यंत्राला काय बरं वाटायचंय? तुला नुसतं खोटं बोलताच येत नाही रे, कोणी तरी समोर लागतं. आणि मग तिने पाटी माझ्या हातातून घेतली, पोपट पुसला आणि विचारलं,

“ते लिहिलंस तेव्हा शेजारी कोण बसलं होतं?”

आणि तो हॉल पुन्हा उघडला. ओळीने संगणक, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसलेले बाबा. त्यांचा फोटो आधी झाला होता, मिटलेल्या डोळ्यांवरून हसून झालं होतं, आणि आता ते चष्मा कपाळावरून खाली घेऊन माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत होते. बाबा त्याच टेलिफोन खात्यात लाइनमन होते. जन्मभर खांबावरून खालच्या माणसाशी बोलून त्यांचा आवाज खाली येतच नसे. त्यांनी प्रश्न मोठ्याने वाचला, लहानपणी तुम्हाला कोण व्हायचं होतं, आणि सगळा हॉल आमच्याकडे वळला. मग त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, लिही लिही, तुझं तर सोपं आहे. त्यांच्या तोंडावर असा काही आनंद होता की विचारू नका. कारण मी लहान असताना कोणीही विचारलं की मी एकच सांगायचो, बाबांकडे पाहून सांगायचो, आणि बाबा मला खांद्यावर घेऊन म्हणायचे, बघा, पोरगा खांबावर चढणार. त्यांनी मला लाइन तपासायचा तो जाडजूड फोन हातात धरायला दिला होता, कमरेचा पट्टा माझ्या कमरेला दोन वेढे घालून बांधला होता. मला उंचीची भीती वाटते. स्टुलावर चढलो तरी पाय लटपटतात, घरातले दिवे बायको बदलते. हे सगळं बाबांना दिसत होतं, तरी त्यांचा विश्वास हलला नाही. आणि त्या दिवशी त्या हॉलमध्ये, खोटं बोलायचं शास्त्र नुकतंच शिकलेला मी, त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक अक्षर दाबत गेलो. टाइप करताना शेजारी कोणी बसलेलं नसावं, हा माझा दुसरा धडा आहे. माझ्या शेजारी ते बसलेले होते आणि मला ते तिथेच हवे होते. वर्षभराने ते गेले.

मी मोबाइल काढला आणि ‘लाइनमन’ लिहिलं. रेघ एकदा लुकलुकली आणि दार उघडलं. आत आईचं नाव, त्याखाली तिचे अहवाल वर्षावर्षाने रचलेले, तिच्या कानांची सगळी नोकरी. मी एकही उघडून पाहिला नाही. परवानगीचं बटण दाबलं आणि कार्यालयाच्या खिडकीकडे धावलो. कारकुनाने बॅग खांद्याला लावली होती, ती त्याने उतरवली, पुन्हा संगणक लावला, पाहिलं, आणि म्हणाला, आले. सगळे आले. नाव पक्कं करतो. मी वळलो आणि आईला हातानेच सांगितलं. ती तिथूनच म्हणाली, “काय होतं उत्तर, लाइनमनच ना?” अख्ख्या ओसरीने माझं गुप्त उत्तर ऐकलं. मला जिवात जीव आल्यासारखं झालं होतं आणि हसूही आवरत नव्हतं. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा तिने आवाज उतरवायचा प्रयत्न केला. “आणि खरं काय होतं ते मला ठाऊक आहे हं,” ती म्हणाली, “खुर्चीची भोकं मोठी करून ठेवली होतीस.”

यंत्र बसलं. सुरुवातीला आई म्हणायची, तुम्ही सगळे पत्र्याच्या डब्यात बसून बोलताय. रोज बायको आणि मी तिच्यासमोर बसून वर्तमानपत्र वाचायचो आणि ती ऐकलेलं म्हणून दाखवायची, आधी शब्द, मग वाक्य, मग आमच्या उच्चारांतल्या चुका. फोनवरचं ऐकायला सगळ्यात वेळ लागला. महिने गेले. आणि परवा सकाळी मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेलो तर ती पलंगावर ताठ बसलेली, मोबाइल कानाला. पलीकडे ती सरकारी गोड बाई आकडे सांगत होती. आई एकेक आकडा मागोमाग म्हणत होती, पण तोंडातल्या तोंडात, आणि तो आवाज घरातला नव्हता, एक्स्चेंजमधला होता. मी दारातच थांबलो. तिने मला पाहिलं, मोबाइलवर तळहात ठेवला आणि म्हणाली, “शेजारी कोणी असू नये. तूच शिकवतोस ना? बाहेर हो.”

मी चहा घेऊन बाहेर झालो. तिने दार लोटून घेतलं. इतकी वर्षं लोकांना हेच सांगतोय, पण दाराबाहेर उभं राहायला इतकं छान वाटतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिला प्रश्न कोणता आला, तिने काय उत्तर दिलं, मला माहीत नाही. आतून एकदा तिच्या हसण्याचा आवाज आला. मला तो ऐकू आला, पण तो माझा नव्हता, म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पाहत उभा राहिलो. थोड्या वेळाने माझ्या खिशात मोबाइल वाजला. सरकारचा निरोप होता: आपल्या मातोश्रींनी त्यांच्या माहितीवरील आपला अधिकार रद्द केला आहे. तो मी दोनदा वाचला. मग बायकोला बोलावून तिलाही वाचून दाखवला, आणि आम्ही आईचा चहा पुन्हा गरम करायला ठेवला.